पहिला सर्फबोर्ड तयार घ्यावा की बनवून? ड्यूक काहानामोकू यांच्या आयुष्यातून समजून घ्या

ऑलिम्पिकची पाच पदके, बुडत्या बोटीतून वाचवलेले आठ जीव आणि स्वतःच्या हाताने तासलेल्या फळ्या. आधुनिक सर्फिंगचे जनक मानले जाणारे ड्यूक काहानामोकू कोण होते? आणि पहिला बोर्ड घेताना त्यांच्या काळातले काय आजही उपयोगी पडते?

हा प्रश्न आता का?

सर्फिंग २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा खेळले गेले. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेतही त्याचा समावेश आहे. गोवा, कर्नाटकातील मुल्की किंवा तमिळनाडूतील कोवलम येथे सुट्टीत दोन-तीन धडे घेऊन परतणाऱ्या मुंबईकरांची संख्या कमी नाही. परत आल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो. स्वतःचा बोर्ड घ्यायचा तर कारखान्यात साच्यातून निघालेला तयार बोर्ड घ्यावा की आपल्या मापाचा बनवून घ्यावा?

तयार शर्ट आणि शिंप्याकडे शिवलेला शर्ट, असा हा फरक वाटतो. पण तो तेवढा सरळ नाही. शिंप्याला माप देता येते, कारण आपले शरीर आपल्याला माहीत असते. बोर्ड बनवणाऱ्याला मात्र वजन-उंचीसोबत आणखी दोन गोष्टी सांगाव्या लागतात. आपण कोणत्या लाटेवर जाणार आणि लाटेवर उभे राहिल्यावर आपले शरीर काय करते? नवशिक्याकडे या दोन्हींची उत्तरे नसतात. ज्यांच्याकडे ती पुरेपूर होती, त्या माणसाची ही गोष्ट.

कोण होते ड्यूक काहानामोकू?

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी हवाई बेटांवरील होनोलुलू येथे झाला. तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. ते दोन वर्षांचे असताना, १८९३ मध्ये, राणीची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. स्वतःच्या देशात परके ठरत चाललेल्या समाजात हा मुलगा वाढला.

‘ड्यूक’ ही पदवी नव्हे, नाव आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १८६९ मध्ये ब्रिटिश राजपुत्र आल्फ्रेड, म्हणजे ड्यूक ऑफ एडिंबरा, हवाईला आला होता. त्याच दिवसांत जन्मलेल्या एका बाळाचे नाव त्याच्यावरून ‘ड्यूक’ ठेवले गेले. ते बाळ म्हणजे आपल्या ड्यूकचे वडील. पुढे थोरल्या मुलालाही तेच नाव मिळाले. तोच राजपुत्र १८७० मध्ये मुंबईत आला आणि त्याने खलाशांसाठीच्या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होमची कोनशिला बसवली. रीगल सिनेमाजवळची ही इमारत नंतर विधिमंडळाचे सभागृह झाली आणि आज तिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे.

ड्यूक यांचे वडीलही पोलीसच होते. नऊ भावंडांचे हे कुटुंब वाइकिकीच्या किनाऱ्यालगत राहत असे. चार वर्षांच्या ड्यूकला वडील आणि काकांनी होडीतून थेट पाण्यात टाकून पोहायला शिकवले, असे सांगितले जाते. शाळा पूर्ण झाली नाही. समुद्राची शाळा मात्र कधी सुटली नाही.

तेव्हा बोर्ड कसे बनत?

हवाईत लाटांवर फळी घेऊन जाणे हा शेकडो वर्षांचा खेळ होता. त्यातही दर्जा होता. सरदार-राजघराण्यासाठी ‘ओलो’ नावाच्या लांबलचक, जाड फळ्या असत. सामान्यांसाठी ‘अलाया’ नावाच्या लहान, पातळ फळ्या असत. झाड तोडण्याआधी त्याच्या मुळाशी कुमू नावाचा लाल मासा ठेवण्याची रीत होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणाऱ्यांना ही भावना वेगळी समजावून सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या साथींनी हवाईची लोकसंख्या झपाट्याने घटवली. मिशनऱ्यांना हा खेळ रिकामटेकडेपणाचा वाटे. ड्यूक जन्मले तेव्हा लाटांवर उभे राहणारे थोडेच उरले होते. वाइकिकीच्या मुलांनी तो पुन्हा रुजवला. मिळेल त्या लाकडाची फळी घ्यायची, तासायची, पाण्यात नेऊन बघायची, पुन्हा तासायची. दुकान नव्हतेच, त्यामुळे प्रत्येक बोर्ड हा बनवलेलाच असे.

ड्यूक यांचा आवडता बोर्ड जुन्या ओलोच्या वळणाचा होता. कोआ लाकडाचा, १६ फूट लांब आणि ११४ पौंड वजनाचा, म्हणजे सुमारे ५२ किलो. सिमेंटच्या एका गोणीपेक्षाही जड. खाली दिशा धरून ठेवणारा पंख म्हणजे ‘फिन’ नव्हता, कारण तो तोपर्यंत निघालाच नव्हता. वळायचे असेल तर पाय पाण्यात घालून वळवायचे. हा बोर्ड ड्यूकसाठी उत्तम होता. दुसऱ्या कुणालाही तो पेलवला नसता. बनवून घेतलेल्या वस्तूचे बळ आणि मर्यादा दोन्ही याच एका बोर्डात दिसतात.

किनाऱ्यावरच्या प्रतिष्ठित क्लबात तेव्हा बहुतांशी गोरे सभासद होते. १९११ च्या सुमारास ड्यूक आणि मित्रांनी ‘हुई नालू’ हा स्वतःचा क्लब उभा केला. नावाचा अर्थ लाटांचा संघ.

अलार्मच्या घड्याळाचा वाद काय होता?

११ ऑगस्ट १९११ रोजी होनोलुलू बंदरात पोहण्याच्या स्पर्धा झाल्या. ड्यूक यांनी १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या जागतिक विक्रमापेक्षा हे तब्बल ४.६ सेकंदांनी कमी होते. मुख्य भूमीवरच्या अमेरिकी क्रीडा संघटनेला हे पटेना. पंचांनी अलार्मची घड्याळे वापरली का, अशी विचारणा झाली. नंतर बंदरातल्या प्रवाहाने मदत केली, असे कारण देऊन विक्रम नाकारला गेला.

उत्तर द्यायला ड्यूक १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकला गेले. तिथे एक घोटाळा झाला. वेळापत्रकाच्या गैरसमजातून अमेरिकी जलतरणपटू १०० मीटरच्या उपांत्य फेरीला पोहोचलेच नाहीत. त्यांना पुन्हा संधी मिळावी, असा आग्रह ऑस्ट्रेलियाचा प्रतिस्पर्धी सेसिल हीली याने धरला, असे सांगतात. वेगळी शर्यत झाली, ड्यूक अंतिम फेरीत गेले आणि त्यांनी सुवर्ण जिंकले. रौप्य मिळाले ते हीलीलाच. चमूच्या रिले शर्यतीत ड्यूक यांना रौप्यही मिळाले.

पहिल्या महायुद्धामुळे १९१६ चे ऑलिम्पिक झाले नाही. १९२० मध्ये अँटवर्पला ३० वर्षांच्या ड्यूकनी १०० मीटर आणि रिले अशी दोन सुवर्णपदके घेतली. एका स्पर्धकाच्या तक्रारीमुळे १०० मीटरची अंतिम शर्यत दोनदा घ्यावी लागली. दोन्ही वेळा पहिले तेच.

याच अँटवर्पमध्ये दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेला भारतीय चमू होता. त्यात बेळगावचे धावपटू फडेप्पा चौगुले होते, कुस्तीगीर कुमार नवले होते आणि फेदरवेट गटात चौथे आलेले रणधीर शिंदे होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्यूक दुसरे आले. पहिला आला जॉनी वाइसम्युलर, जो पुढे पडद्यावरचा टारझन झाला. तिसरा आलेला सॅम हा ड्यूकचा धाकटा भाऊ.

सिडनीत ड्यूकनी काय केले?

बोर्ड निवडण्याच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

१९१४ च्या अखेरीस पोहण्याच्या शर्यतींसाठी ड्यूक ऑस्ट्रेलियाला गेले. लोकांना त्यांचे सर्फिंग बघायचे होते, पण बोर्ड सोबत नव्हता. त्यांनी स्थानिक वखारीतून शुगर पाइन जातीचे लाकूड घेतले आणि स्वतः बोर्ड घडवला. तो १६ फुटी नव्हता. आठ-नऊ फुटांच्या आसपासचा, जाड आणि भक्कम होता. वाइकिकीची लाट लांब आणि सावकाश फुटणारी, तर सिडनीच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावरची लाट वेगळी. हाताशी असलेले लाकूड वेगळे. म्हणून फळीही वेगळी.

या बोर्डावरून त्यांनी फ्रेशवॉटरला प्रात्यक्षिके केली. इझाबेल लेथम या किशोरवयीन मुलीला पुढे उभे करून एकाच बोर्डावरून दोघांनी लाट पार केली. जाताना तो बोर्ड ते क्लॉड वेस्ट या स्थानिक मुलाला देऊन गेले. त्याने शिकून पुढे इतरांना शिकवले. ऑस्ट्रेलियातील सर्फिंगची मोठी परंपरा त्या दौऱ्यातून बहरली. तो बोर्ड आजही फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबने जपून ठेवला आहे.

ड्यूक मापे घेऊन बोर्ड बनवू शकले, कारण बनवणारा आणि वापरणारा एकच होता. लाट बघून लांबी किती हवी, जाडी कुठे हवी, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवातून समजत होते. ‘बनवून घेतलेला बोर्ड चांगला’ असे म्हणताना हा अनुभव गृहीत धरलेला असतो.

१४ जून १९२५ रोजी काय घडले?

विसाच्या दशकात ड्यूक कॅलिफोर्नियात राहत होते. हौशी खेळाडूने खेळातून पैसे घ्यायचे नाहीत, असा तेव्हाचा नियम. त्यामुळे पदके असूनही पोटासाठी इतर कामे करावी लागत. हॉलिवूडच्या चित्रपटांत त्यांना छोट्या भूमिका मिळत.

१४ जून १९२५ च्या सकाळी ते मित्रांसोबत न्यूपोर्ट बीचजवळच्या कोरोना डेल मार किनाऱ्यावर होते. समुद्र खवळलेला होता. मासेमारीसाठी माणसे घेऊन निघालेली ‘थेल्मा’ नावाची बोट बंदराच्या तोंडाशीच लाटांनी उलटली. बोटीवर २९ जण होते. ड्यूकनी बोर्ड उचलला आणि फुटत्या लाटांतून आत शिरले. माणसांना बोर्डावर ओढून घेत ते किनाऱ्यावर आले आणि पुन्हा आत गेले. अशा फेऱ्यांत त्यांनी एकट्याने आठ जणांना बाहेर काढले. मित्रांनी आणखी चौघांना वाचवले. १७ जण गेले.

नुसते पोहत गेले असते तर एका वेळी एकालाच आणता आले असते, तेही दमछाक होऊन. तरंगणारी फळी असल्याने बुडणाऱ्याला आधी धरायला काही तरी मिळाले. या घटनेनंतर अमेरिकेतील जीवरक्षकांच्या साहित्यात सर्फबोर्डला कायमची जागा मिळत गेली. त्या दिवशी बोर्डाचे देखणेपण किंवा वेग कामाला आला नाही. कामाला आला तो त्याचा तरंगण्याचा गुण. पहिला बोर्ड निवडतानाही नेमका हाच गुण सर्वांत आधी बघायचा असतो.

कारखान्यातले बोर्ड कधी आले?

ड्यूकना आदर्श मानणाऱ्या टॉम ब्लेक या अमेरिकी जलतरणपटूने होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या ओलो फळ्यांचा अभ्यास केला. त्यातून १९२६ पासून त्याने आतून पोकळ, त्यामुळे हलके बोर्ड बनवायला सुरुवात केली आणि पुढे पेटंटही घेतले. १९३५ मध्ये बोर्डाला पहिला फिन लावला तोही त्यानेच.

तिसाच्या दशकातच लॉस एंजेलिसमध्ये कारखान्यात बोर्ड तयार होऊ लागले. पॅसिफिक सिस्टिम होम्स ही कंपनी मुळात घरांचे सुटे भाग कापून विकणारी. लाकूड कापायची यंत्रे होतीच, तिने सर्फबोर्डही काढले. त्या बोर्डांचे नाव होते ‘स्वस्तिक’ आणि त्यावर तेच शुभचिन्ह छापलेले असे. हिटलरच्या जर्मनीने त्या चिन्हाचा अर्थच पालटल्यावर दशकाच्या अखेरीस नाव बदलावे लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लास आले, पन्नाशीच्या शेवटी पॉलियुरेथेन फोम आला आणि बोर्ड एकट्याने सहज उचलता येऊ लागला. साच्यातून निघणाऱ्या बोर्डांना जुने कारागीर नाके मुरडत. पण हजारो मुलामुलींची पहिली लाट याच बोर्डांवर झाली, हेही खरे.

आपल्या किनाऱ्यावर हा बदल अनोळखी नाही. लाकडी होडी बांधणारा सुतार खाडी कुठली, जाळे कुठले, माणसे किती हे विचारून होडी बांधे. आज साच्यातून काढलेल्या फायबरच्या होड्या सर्रास दिसतात. त्यांची देखभाल सोपी असते. पण कुठली होडी घ्यायची, हे समुद्र ओळखणाराच ठरवतो.

ड्यूक यांचे पुढे काय झाले?

हवाईला परतल्यावर ड्यूकनी काही काळ पेट्रोल पंप चालवले. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि १९६० पर्यंत सतत निवडून येत राहिले. मुंबईच्या नगरपालांसारखेच त्यांच्याकडेही पाहुण्यांच्या स्वागताचे काम येई. १९४० मध्ये त्यांनी नृत्यशिक्षिका नादिन अलेक्झांडर यांच्याशी लग्न केले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांचे नाव कपड्यांवर, उपाहारगृहावर आणि १९६५ मध्ये सुरू झालेल्या सर्फिंग स्पर्धेवर झळकले. सर्फिंगचा ऑलिम्पिकमध्ये समावेश व्हावा ही त्यांची इच्छा मात्र हयातीत पूर्ण झाली नाही. २२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ते ७७ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थी वाइकिकीच्या समुद्रात विसर्जित करण्यात आल्या. त्यांचे स्वप्न साकार व्हायला आणखी ५३ वर्षे लागली.

मग पहिला बोर्ड कोणता घ्यावा?

बहुतेक नवशिक्यांसाठी उत्तर स्पष्ट आहे. तयार, मऊ पृष्ठभागाचा, लांब आणि रुंद बोर्ड. कारणे अशी:

• तरंगण्याची क्षमता: बोर्डाचे घनफळ लिटरमध्ये दिलेले असते. एक लिटर घनफळ साधारण एक किलो भार पेलते. नवशिक्याने आपल्या वजनाच्या किलोइतके किंवा थोडे जास्त लिटर धरावेत. ६५ किलोच्या व्यक्तीला ६५ ते ८० लिटरचा बोर्ड सोयीचा. याच वजनाचा मुरलेला खेळाडू तिशीच्या आतबाहेरच्या बोर्डावर खेळतो. तो नवशिक्याने घेतला तर लाट पकडण्याआधीच हात भरून येतात.

• लांबी: प्रौढांसाठी ८ ते ९ फूट. लांब बोर्ड लाट लवकर पकडतो आणि उभे राहताना कमी डगमगतो.

• सुरक्षितता: पडल्यावर सर्वांत आधी अंगावर येतो तो आपलाच बोर्ड. मऊ पृष्ठभाग आणि लवचिक फिन असतील तर दुखापत कमी होते, शेजारच्यालाही.

• टिकाऊपणा: कडक फायबर ग्लासचा बोर्ड एका आपटीने तडकतो. त्यात पाणी शिरले की दुरुस्ती करावी लागते. मऊ बोर्ड अशा आपट्या सोसतो.

• पुनर्विक्री: तयार बोर्ड दुसऱ्या नवशिक्याला विकता येतो. तुमच्या मापाचा बोर्ड तुमच्याइतका दुसऱ्याला बसेलच असे नाही.

बनवून घ्यायचा तर कधी?

फुटलेल्या लाटेच्या फेसात नव्हे, तर न फुटलेल्या लाटेवर उभे राहून डावी-उजवीकडे हवे तसे वळता येऊ लागले की. त्या वेळी तुम्हाला आधीच्या बोर्डाबद्दल नेमकी तक्रार सांगता येते. नाक पाण्यात घुसते, वळताना मागचा भाग घसरतो, हाताने वल्हवताना बोर्ड बुडतो, अशी. तक्रार जितकी नेमकी, तितका बनवलेला बोर्ड चांगला. ‘मस्त बनवा’ एवढेच सांगायचे असेल तर थांबलेले बरे.

अपवाद आहेत. उंची किंवा वजन सरासरीपेक्षा बरेच वेगळे असेल, किंवा अपंगत्वामुळे पकड, पट्टे, बैठक वेगळी हवी असेल, तर सुरुवातीपासूनच प्रशिक्षकाला सोबत घेऊन बोर्ड बनवून घेणे योग्य.

आणि शीव कोळीवाड्यातल्या घरात तो ठेवायचा कुठे?

हा प्रश्न विनोदी वाटला तरी खरा आहे. शीव कोळीवाड्याच्या नावात समुद्र आहे, पण दारासमोर लाट नाही. ९ फूट म्हणजे जवळपास पावणेतीन मीटर. दहा बाय बाराच्या खोलीत तो भिंतीला आडवा टांगावा लागतो. इमारतीच्या लिफ्टमध्ये बहुधा मावत नाही. हार्बर मार्गावरच्या गुरु तेग बहादूर नगर, म्हणजे जुन्या कोळीवाडा स्टेशनातून गर्दीच्या लोकलमध्ये तो चढवणे तर विसराच. गच्चीवर उन्हात ठेवला तर वरचा थर आणि फोम सुटू शकतो.

म्हणून मुंबईकर नवशिक्यासाठी विकत घेण्याआधीची पायरी अधिक शहाणपणाची. जिथे शिकता तिथल्या सर्फ शाळेतून बोर्ड भाड्याने घ्या. वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन बोर्ड वापरून बघा. कुठल्या बोर्डावर सर्वाधिक वेळा उभे राहता आले, त्याची लांबी आणि लिटर मोबाइलमध्ये नोंदवा. वर्षातून आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त समुद्रात जाणे होऊ लागले की मगच खरेदी करा.

बोर्ड कुठलाही असो, तो पायाला दोरीने बांधलेला हवा, सोबत प्रशिक्षक हवा आणि पावसाळ्यातल्या समुद्रापासून नवशिक्याने दूरच राहावे. पोहता येत नसेल तर आधी पोहणे शिका. ‘थेल्मा’ उलटली तेव्हा ड्यूक यांच्या हाती बोर्ड होता हे खरे. पण त्या लाटांत शिरण्याइतके ते पोहणारे होते, म्हणूनच तो बोर्ड आठ जणांच्या कामी आला.